पुराव्यावाचूनचे दुखणे

मनाच्या आजाराने ग्रासलेल्या माणसाला त्या आजाराशी जितके झगडावे लागते, त्याहून कित्येकदा अधिक त्याला स्वतःच्या माणसांशी झगडावे लागते. आणि हे झगडणे विशेष क्लेशदायक होते ते अशासाठी, की ती माणसे बहुधा दुष्ट नसतात, विषमज्वरात रात्रभर कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवणारी, परगावच्या इस्पितळात न चुकता डबा पोचविणारी, अशीच असतात. पाय मोडल्याचे कळताच रातोरात धावून येणारे हे गणगोत ‘मला जगणे जड झाले आहे’ हे शब्द ऐकताच एकाएकी साक्षीपुरावा मागू लागते, आणि ज्याच्या अंगी उठून तोंड धुण्याचेही त्राण उरलेले नाही, त्याच्यावरच आपले दुखणे सिद्ध करण्याचे ओझे येऊन पडते.

पुढील संवाद कोणा एका घरात घडलेला नाही. सातारा-सांगलीकडच्या घरांतून जी वाक्ये वर्षानुवर्षे माझ्या कानी आली, ती मी येथे दोन मुखांत घातली आहेत. एक काका, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, कागदाचे पक्के आणि कुटुंबवत्सल. दुसरी त्यांची पुतणी, माध्यमिक शाळेतील शिक्षिका, जिला नैराश्याच्या विकाराने दोनदा गाठले आहे. काकांची बाजू दुबळी करून मांडण्याचा मोह मी कटाक्षाने टाळला आहे, कारण लेखात दुबळ्या प्रतिपक्षाला जिंकून रोग्याच्या हाती काहीच लागत नाही. घरी परतल्यावर त्याची गाठ पडते ती सबळ प्रतिपक्षाशीच.

काका : धाकट्याच्या लग्नाची बोलणी आठ दिवसांवर आली आहेत, पाहुणे मुक्कामाला येणार, आणि आज सकाळी तुझ्या गोळ्यांची पाकिटे बैठकीच्या खोलीत टेबलावर उघडी पडलेली दिसली. मी ती उचलून आतल्या फडताळात ठेवली. रागावू नकोस, पण घरातली गोष्ट घरात राहिलेली बरी.

पुतणी : काका, त्याच टेबलावर तुमची रक्तदाबाची गोळी होती, आईची साखरेची होती. त्या तुम्ही उचलल्या नाहीत.

काका : रक्तदाब पट्टा बांधून मोजता येतो, साखर रक्तात सापडते. तुझ्या दुखण्याचा असा एक तरी दाखला दाखव. छत्तीस वर्षे मी दप्तर सांभाळले. आधारावाचून एक फेरफार पुढे सरकू दिला नाही. तुझ्या डॉक्टरांनी तासभर बोलणे काय केले आणि चिठ्ठी काय लिहून दिली! बोलण्यावरून का कुठे रोग ठरतो?

पुतणी : आधी त्यांनी रक्तच तपासायला लावले. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-बारा. कारण थायरॉईड मंदावले म्हणजे माणूस असाच खचलेला दिसतो. ते सगळे ठीक निघाले, तेव्हा मग विचारपूस केली. झोप केव्हा मोडते, अन्नाची चव लागते का, पूर्वी ज्यात जीव रमे त्यात आता रमतो का, आणि हे सारे निदान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज चालू आहे का. रोग ठरविण्याची ही रीतच आहे. काकूच्या अर्धशिशीलाही रक्ताची तपासणी नाही. पण तिचे डोके उठले की खिडक्यांचे पडदे तुम्हीच ओढता.

काका : तिला ओकाऱ्या होतात, ती डोळे मिटून पडून राहते. दिसते ते. तू शाळेत जातेस, हसतेस, परवा बारशाला पाळणा म्हटलास.

पुतणी : म्हटला, आणि घरी येऊन चपला न काढता जिन्यात बसून राहिले, कारण वर चढणे होईना. गेल्या साली सहामाहीच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या. पहिल्याच वहीतले पहिले उत्तर मी वाचले, पुन्हा वाचले, परत वाचले; अक्षरे कळत होती, अर्थ लागत नव्हता. पहाटे तीनला जाग येई, आणि उजाडेपर्यंत एकच विचार, की मी या घरावर भार आहे. सकाळी न्हाणीघरात बादली भरून ठेवायची आणि पाणी अंगावर घ्यायचे एवढे ठरवेपर्यंत ते निवून जायचे. तुम्ही बाहेरून हाक मारायचे, ‘झोप लागली का आत?’ तुम्हाला जे दिसले त्यात खोटे काही नव्हते. जे दिसत नव्हते तेच दुखणे होते.

काका : मग त्याला आळस म्हणतात, असे आमच्या वेळी कोणीही म्हटले असते. खायला-प्यायला कमी नाही, पगार वेळेवर, नवी पेन्शन का असेना, आहे. हे सुखाचे दुखणे आहे, पोरी. मी ‘देवराई’ सिनेमा पाहिला आहे दूरदर्शनवर. त्यातल्या त्या शेषाला झाले होते ते वेड. तू वेडी नाहीस, हे मी छातीठोक सांगतो. मग आजारी कशी?

येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण काकांच्या या युक्तिवादात आपल्या समाजाची एक जुनी वाटणी आहे. तिच्यात मनाच्या दोनच अवस्था मानल्या जातात, एक शहाणपणाची आणि दुसरी येरवड्याच्या मनोरुग्णालयात धाडण्याची. या दोहोंच्या मध्ये जो विस्तीर्ण मुलूख पसरला आहे, आणि ज्यात बहुसंख्य रोगी राहतात, त्याची नोंदच नसते. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत जे राष्ट्रीय सर्वेक्षण केले, त्यात प्रौढांपैकी शंभरातील दहांहून अधिक लोक कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने पीडित आढळले, आणि त्यांतील फार मोठा भाग नैराश्य, चिंता अशाच विकारांचा होता. हे लोक कामावर जातात, बसच्या रांगेत उभे राहतात, लग्नात पंगती वाढतात. त्यांना ‘तू वेडा नाहीस’ असे सांगणाऱ्याला आपण धीर देत आहोत असे वाटते. ऐकणाऱ्याला मात्र कळते, की वेडे झाल्याखेरीज आपली दाद लागणार नाही.

काका : तुला मी कठोर वाटत असेन. पण बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. तुझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मिळेल ती सुकडी आम्ही खायचो. त्याच साली माझी धाकटी बहीण गेली, हगवणीने. तिसऱ्या दिवशी आई पुन्हा हातोडा घेऊन कामावर हजर. तिला कोणी विचारले, तुझे मन कसे आहे? तू गोळ्या घेतेस, रजा टाकतेस, तेव्हा मला वाटते की तिचे जे झाले ते काहीच नव्हते असे तू म्हणते आहेस.

पुतणी : असे मी कधीच म्हणणार नाही. पण पुढे काय झाले, ते सांगा. कामे संपली, पाऊस झाला, त्याच्यानंतर.

काका : त्याच्यानंतर (जरा वेळाने) ती बोलेनाशी झाली. चुलीपुढे बसे आणि भाकरी तव्यावर करपून जाई, तिला वास येत नसे. वर्ष-दीड वर्ष. लोक म्हणाले, बाहेरचे आहे. नरसोबाच्या वाडीला नेऊन ठेवले, अंगारे झाले. पुढे हळूहळू बोलायला लागली. पण ओवी म्हणायची ती बंद झाली ती कायमची.

पुतणी : तिला काय झाले होते याचा निर्णय मी देणार नाही, ती आता नाही, तिला विचारता येत नाही. एवढेच म्हणते, की तिला कोणी विचारले नाही ही गोष्ट तुम्ही अजून मनातून काढू शकलेला नाही. मग मलाही कोणी विचारू नये, हा न्याय तिच्या बाजूचा कसा?

काकांनी याला उत्तर दिले नाही, आणि देणे सोपेही नव्हते. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे वाक्य उच्चारणाऱ्या पिढीच्या पोटात पुष्कळदा एक न सांगितलेले दुःख असते, आणि नव्या पिढीने आपल्या दुःखाची रीतसर नोंद केली, की जुन्या पिढीला स्वतःचे दुःख दप्तराबाहेर राहून गेल्याची जाणीव होते. त्या दुःखाला मान दिलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. मात्र त्याची भरपाई आजच्या रोग्याच्या औषधातून व्हावी, हे मला कदापि मान्य नाही.

काका : बरे, औषध म्हणतेस. अर्जुनाला रणांगणावर विषाद झाला, हात गळाले, धनुष्य सुटले. त्याला कोणी गोळी दिली नाही. विचाराने उभा राहिला तो.

पुतणी : काका, गीता तुम्हीच मला शिकवली. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्णाने आधी तुम्ही करता तेच केले. दुबळेपणा टाक, ऊठ, असे खडसावले. त्याचा परिणाम काय झाला? अर्जुनाने ‘मी लढणार नाही’ असे सांगितले आणि तो गप्प बसला. खुद्द भगवंताच्या खडसावण्याने जे झाले नाही, त्यासाठी पुढचे सबंध अध्याय लागले, आणि त्यात अर्जुनाने जितक्या वेळा शंका काढली तितक्या वेळा त्याचे ऐकून घेतले गेले. माझे डॉक्टरही बोलण्याचा उपचार करतात. पण मला अन्न गोड लागत नव्हते, झोप नव्हती. अशा शरीराला विचार पेलत नाही. आधी गोळीने झोप आली, मग विचार ऐकू येऊ लागले.

काका : हे सगळे शास्त्र साहेबाच्या देशातून आलेले.

पुतणी : चरकसंहितेत उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहेत. आणि १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघा बंगाली वैद्यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावरचा आणि रक्तदाबावरचा गुण प्रसिद्ध केला. पुढे त्याच मुळीतून काढलेले औषध पाश्चात्य देशांत मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. आता त्याहून बरी औषधे निघाली, ती मी घेते.

काका : पण गोळ्यांची सवय लागते, हे तर खोटे नाही?

पुतणी : काहींची लागते. अल्प्राझोलामसारखी गोळी महिनोन्महिने घेतली तर लागते. म्हणून ती डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरती दिली आणि कमी करत बंद केली. नैराश्याच्या गोळीचे तसे नाही. तिचा गुण यायलाच दोन-चार आठवडे जातात, आणि बरे वाटू लागल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवायची असते, नाहीतर दुखणे उलटते. पहिल्या खेपेला घरात सगळ्यांनी म्हटले, आता चांगली झालीस, टाक त्या गोळ्या. मी एकदम टाकल्या. आठवडाभर घेरी येत होती, डोक्यात झटके बसल्यासारखे होत होते, आणि श्रावण संपायच्या आत मी पुन्हा अंथरूण धरले.

काका : तो सल्ला माझाच होता.

पुतणी : तुमचा होता, आणि ऐकला मी.

काका : मी का सांगितले तेही ऐक. नोकरीत नवा होतो तेव्हा वेड्यांविषयीचा १९१२ चा जुना कायदा अमलात होता. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने माणसाला येरवड्याला धाडीत. आमच्याच आळीतल्या एकाला पोलिसांच्या पहाऱ्यात जीपमध्ये बसवताना मी पाहिले. त्याच्या दोन्ही बहिणींची लग्ने शेवटपर्यंत झाली नाहीत. सोयरीक म्हटली की लोक तीन पिढ्यांची चौकशी करतात. डोक्याचे औषध घरात आहे एवढे कळले तरी पुरते. हे मला आवडते असे नाही. पण धाकट्याचे स्थळ मोडले तर त्याला तू काय सांगणार?

या ठिकाणी काकांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे मी म्हणू शकत नाही. स्थळे मोडतात. विवाहाच्या कायद्यानेही दीर्घ काळ लोकांच्या भयाला आपला शिक्का दिला होता; हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांच्या जोडीला फेफऱ्याचाही उल्लेख होता, आणि तो १९९९ साली काढला गेला. तोवर फेफरे येणारी मुलगी घरोघर लपविली जाई, आणि आज फेफऱ्याच्या गोळ्यांविषयी पुष्कळ घरांतून उघडपणे बोलले जाते. पण हा पालट लपविणाऱ्यांमुळे झाला नाही. काकांच्या नकारात अज्ञानाहून भयाचा वाटा मोठा आहे, हे रोग्याने ओळखावे, कारण अज्ञानाला माहिती पुरते; भयाला माहितीचे कितीही भारे दिले तरी ते हलत नाही, त्याला काय होणार नाही याची खात्री हवी असते.

पुतणी : लग्नाच्या बोलण्यांत मी माझे दुखणे मांडणार नाही. कोणी सरळ विचारले तर खोटेही बोलणार नाही. तुमची ती भीती मला कळते, काका. पण तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. माघात, काकू माहेरी गेली होती तेव्हा, एका रात्री मला जगण्याची इच्छा उरली नव्हती. मी १४४१६ ला फोन लावला. सरकारचा क्रमांक आहे, ‘टेलि-मानस’. २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, फुकट, आणि मराठीत बोलतात. त्या बाई पाऊण तास माझ्याशी बोलल्या, आणि सकाळी डॉक्टरांकडे जायचे माझ्याकडून कबूल करून घेतले.

काका : मी पलीकडच्या खोलीत होतो! मला का नाही उठवलेस?

पुतणी : उठवले असते तर तुम्ही काय म्हणाला असता?

काका : (पुष्कळ वेळाने) रामरक्षा म्हण आणि झोप, असे म्हणालो असतो.

पुतणी : म्हणून उठवले नाही.

या एका उत्तरात नातलगांच्या नकाराचा खरा हिशेब आहे. नकाराने रोग जात नाही. फक्त त्याची खबर घरापर्यंत पोचेनाशी होते, आणि जे लोक पलीकडच्या खोलीत असतात ते सर्वांत शेवटी जाणते होतात. ज्याच्या घरी असे होते, त्या रोग्याने जिवाच्या प्रश्नात घराच्या मान्यतेसाठी एक क्षणही खोळंबू नये. ज्या दाराशी दाद लागेल त्या दारी जावे. आणि इतर दिवशीही, आपले दुखणे खरे आहे हा निकाल नातलगांकडून मिळवण्याचा हव्यास त्याने सोडावा, असे माझे पूर्ण विचारान्ती झालेले मत आहे. त्यांना तो अधिकारच नाही. त्यांच्याकडे मागायचे ते वर्तन, आणि तेही नेमके, पाळता येईल असे, बरे वाटत असतानाच्या एखाद्या दुपारी, भरल्या घरात नव्हे तर एकट्या माणसाजवळ.

काका : आम्ही तुला टाकलेले नाही, हे तरी मान. परदेशात असे माणूस संस्थेत ठेवून मोकळे होतात.

पुतणी : मानते. त्यावर अभ्यासही झाला आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्यामागून इतर संशोधकांनी दाखवले, की स्किझोफ्रेनियाचा रोगी इस्पितळातून ज्या घरी जातो तिथे सतत टीका, वैर किंवा जीव घाबरा होईल इतकी काळजी असेल, तर त्याचे दुखणे अधिक वेळा उलटते. नैराश्याच्या रोग्यांतही टीकेचा असाच संबंध दिसला. मग डॉ. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंडीगडला तेच मोजले, आणि आपल्याकडच्या नातलगांत टीकेचे प्रमाण इंग्रज नातलगांपेक्षा पुष्कळ कमी निघाले. तुमच्या बोलण्याने माझे दुखणे कमी-जास्त होते, काका. तुम्हाला त्यात काही करता येत नाही असे मी म्हणतच नाही.

काका : मग काय करू ते सांग. मला पटलेले नाही, हे आधीच सांगतो.

पुतणी : पटू नका. माझ्या गोळ्या जिथे ठेवीन तिथून हलवू नका. ‘बंद कर’ म्हणू नका. ते डॉक्टरांचे काम. आणि मी रजेवर असेन तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे ‘हिला काही झालेले नाही’ असे बोलू नका. गप्प बसलात तरी चालेल.

काका : एवढेच?

पुतणी : एवढे दोन महिने पाळून पाहा. आणखी एक कागद आहे, तो तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे रोग्याला आपला प्रतिनिधी नेमता येतो. मी इतकी आजारी पडले की माझे मला ठरवता येईना, तर डॉक्टर माझ्या बाजूने कोणाशी बोलतील, त्याचे नाव. मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे दिले आहे.

काका : घरातले कोणी नाही?

पुतणी : नाही.

काकांनी आयुष्यभर वारसनोंदी केल्या होत्या, आणि एखाद्या कागदावर आपले नाव नसणे म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कागद मागितला. दोनदा वाचला.

काका : मुखत्यारपत्र म्हटले की मुद्रांक आला, साक्षीदार आले. याला?

पुतणी : साधा कागद, माझी सही, आणि तिची लेखी संमती.

काका : मुदत?

पुतणी : मुदत नाही. मला वाटेल तेव्हा नाव बदलता येते.

काका : डॉक्टरांकडे पुढची तारीख कधी आहे?

पुतणी : बोलणी आटोपल्यावर, मंगळवारी. साताऱ्याला.

काका : मी येतो.

पुतणी : या. पण आत यायचे की बाहेर बाकावर बसायचे, ते मी तिथे गेल्यावर सांगेन. डॉक्टरांना काही विचारायचे असले तर आधी मला विचारायचे.

काका : बाहेर बसायला लावलेस तर बसेन. एसटी कितीची धरायची?

पुतणी : पावणेआठची. नऊनंतर गेले तर दुपारपर्यंत नंबर लागत नाही.